जपानहून आलेल्या गाडीत नवा स्टीरिओ बसवताना: तपासणी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीत बाहेरचा स्टीरिओ बसवताना काम बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. डॅशबोर्ड आधी उघडला जातो आणि गाडीत नेमकं काय आहे याचा शोध नंतर सुरू होतो. मग फ्रेम बसत नाही, रेडिओ खरखरतो, रिव्हर्स कॅमेरा कायमचा जातो आणि उघडी गाडी तशीच उभी राहते. म्हणून इथे पहिले तीन टप्पे पान्याला हातही न लावता करायचे आहेत. ते गाळून पुढे जाऊ नका.

## १. नवा स्टीरिओ खरंच हवा आहे का?

जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. जुन्या युनिटांत (युनिट म्हणजे डॅशबोर्डातला स्टीरिओ) तो ९० पर्यंत जातो, अलीकडच्या युनिटांत ९५ पर्यंत. जगात बहुतेक ठिकाणी एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं. त्यामुळे गाडीतला मूळ रेडिओ चांगला असूनही स्थानिक स्टेशनांपैकी अगदी खालची एकदोनच पकडतो.

यावर बँड एक्सपँडर नावाची छोटी डबी मिळते. ती अँटेना आणि युनिट यांच्या मध्ये बसते आणि येणारी फ्रिक्वेन्सी ठरावीक आकड्याने खाली सरकवते. पण तिचा हिशोब फार कमी लोक करतात. ७६ ते ९० म्हणजे जेमतेम १४ मेगाहर्ट्झची खिडकी, आणि आपल्याला तिच्यातून २० मेगाहर्ट्झचा पट्टा पाहायचा असतो. १४ ने सरकवणारी डबी लावली तर ९० ते १०४ दिसेल (९८.३ चं स्टेशन ८४.३ वर लागेल) आणि १०४ च्या वरचं सगळं जाईल. १८ ची लावली तर ९४ ते १०८ मिळेल, खालचं जाईल. युनिट ९५ पर्यंत जात असेल तर परिस्थिती बरीच सुसह्य असते. तेव्हा आधी आपल्या ऐकण्यातली स्टेशनं कागदावर लिहा आणि मग डबीचा आकडा निवडा.

तक्रार फक्त रेडिओची असेल तर काम इथेच संपू शकतं. पण पडद्यावर सगळं जपानी, नकाशा जपानचा, टीव्ही लागत नाही, फोन जोडला जात नाही अशी यादी असेल तर युनिट बदललेलंच बरं. बहुतेक जपानी नेव्हिगेशन युनिटांत भाषा बदलण्याची सोयच नसते. ती शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

सावधान: जपानच्या बाजारातलंच दुसरं वापरलेलं युनिट आणून बसवलं तर रेडिओची अडचण जशीच्या तशी राहते. नव्या युनिटातही विभागाची सेटिंग तपासा. ती जपानवर असेल तर पट्टा ७६ पासून सुरू होतो. अमेरिकेवर असेल तर रेडिओ ०.२ च्या उड्या मारतो आणि ९८.४ सारखी सम दशांशाची स्टेशनं वगळतो.

## २. गाडीची नोंद करा

पुढच्या गोष्टी बघून लिहून घ्या. फोटोही काढा.

रुंदी. सर्वसाधारण डबल डिन (डिन म्हणजे स्टीरिओच्या आकाराचं ठरलेलं माप) युनिट १८० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच असतं. सिंगल डिनची उंची ५० मिमी. टोयोटा आणि दाइहात्सूच्या बऱ्याच गाड्यांत मात्र खाच २०० मिमी रुंद असते. तिथे १८० चं युनिट लावलं तर दोन्ही बाजूंना १० मिमीची फट राहते, म्हणून जोडीला १० मिमीच्या पट्ट्या घ्याव्या लागतात. मोजपट्टी लावून मोजा, अंदाज नको. नऊ किंवा दहा इंची पडद्याचं युनिट घेणार असाल तर त्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागेल.

उजवी-डावी बाजू. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्याच मॉडेलची डाव्या स्टिअरिंगची आवृत्ती दुसऱ्या देशांत विकली गेली असेल तर फ्रेमही दोन प्रकारच्या मिळतात. मधलं पॅनल चालकाकडे किंचित कललेलं असेल तर एकीची फ्रेम दुसरीला बसत नाही, घासूनही नाही. मागवताना चेसिस कोड (गाडीच्या पिढीचा ओळखकोड) आणि उजवं स्टिअरिंग हे दोन्ही सांगा. नुसतं मॉडेलचं नाव आणि वर्ष पुरत नाही, कारण एकाच नावाखाली दोन पिढ्या एकाच वर्षात विकल्या गेलेल्या असू शकतात.

कंपनीचा ॲम्प्लिफायर. दारावर किंवा पॅनलवर एखाद्या ऑडिओ कंपनीचं नाव असेल, किंवा सीटखाली नाहीतर डिकीत वायरींची डबी दिसत असेल, तर युनिटमधून निघणाऱ्या वायरी थेट स्पीकरला जात नाहीत. अशा गाडीत साधं हार्नेस (गाडीचे कपलर म्हणजे प्लग नव्या युनिटला जोडणारा वायरींचा जुडगा) लावलं तर आवाज येत नाही किंवा फाटका येतो. तिच्यासाठी ॲम्प्लिफायर चालू करणारं वेगळं हार्नेस घ्यावं लागतं.

जुन्या पडद्यावर अजून काय दिसतं? रिव्हर्स कॅमेरा, गाडीभोवतालचं चित्र, एसीचं तापमान, घड्याळ, हायब्रिडचा ऊर्जाप्रवाह. यातलं जे जे त्या पडद्यावर अवलंबून आहे ते युनिट काढल्यावर जाईल. कॅमेरा वाचवता येतो. बाकीचं प्रत्येक गाडीत वाचेलच असं नाही.

स्टिअरिंगवरची बटणं. आहेत की नाहीत, आणि कोणती, ते लिहा.

तपासा: जुनं युनिट चालू करून प्रत्येक स्पीकर वेगळा वाजवून बघा. मागचा डावा आधीपासूनच मुका असेल तर ते आत्ता कळलेलं बरं. नाहीतर नव्या जोडणीतली चूक समजून दोन तास जातात.

## ३. सामान गोळा करा

- गाडीच्या कपलरला बसणारं हार्नेस. टोयोटा-दाइहात्सूच्या पुष्कळ गाड्यांत १० आणि ६ पिनांचे दोन कपलर असतात, होंडा आणि सुझुकीत बहुधा २० पिनांचा, माझदात २४ पिनांचा. नव्या-जुन्या पिढीत हे बदलतं, म्हणून कपलरच्या फोटोवरून जुळवा.
- अँटेनाचं ॲडॉप्टर
- फ्रेम किंवा बाजूच्या पट्ट्या
- डिजिटल मल्टिमीटर. टेस्ट लॅम्पवर भागवू नका.
- प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पॅनल उचकटायला
- १० मिमीचा पाना आणि सॉकेट
- जपानी मापाचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर
- क्रिंप स्लीव्ह, क्रिंपिंगचा पकड, हीट श्रिंक नळी, कापडी टेप, केबल टाय, पातळ फोम

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडं सांगायला हवं. जपानी गाड्यांतले चौफुली स्क्रू जेआयएस मापाचे असतात आणि दिसायला फिलिप्ससारखेच दिसतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि डोकं खरवडतं. वर्षानुवर्षं न उघडलेला ब्रॅकेटचा स्क्रू असा गोल झाला की पुढचं सगळं काम अडतं. डोक्यावर छोटा ठिपका दिसला तर तो जेआयएस समजा.

## ४. वीज बंद करा

किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा आणि किमान ३ मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये काही काळ चार्ज टिकून असतो, त्यासाठी ही वाट बघायची.

सावधान: पिवळ्या वेष्टणाचा किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्यात मीटरची टोकं घालू नका. हायब्रिडमध्ये नारिंगी केबल उच्च दाबाची असते, तिला हात लावू नका.

हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली असेलच असं नाही, काहींत ती डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर बॅटरी सोडल्यावर डिकी बंद करू नका, पुन्हा उघडायला वेगळी खटपट करावी लागते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. काही जपानी युनिटं बॅटरी सुटली की कुलूपबंद होतात आणि कोड मागतात. जुनं युनिट पुन्हा वापरायचा किंवा कुणाला द्यायचा विचार असेल तर कोड हाताशी आहे का ते तार सोडण्याआधी बघा.

## ५. पॅनल आणि जुनं युनिट काढा

पॅनलच्या क्लिपा समोरून ओढून सुटतात, पण कोणत्या बाजूने सुरुवात करायची हे मॉडेलवर ठरतं. बहुधा आधी एसीच्या झरोक्यांची किंवा कडेची पट्टी निघते, मग मधलं पॅनल. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं आणि क्लिपा तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवली तर फरक पडतो. पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घाला. लांबून ताकद लावली की पॅनलला भेग जाते.

पॅनल सुटलं की झटकन ओढू नका. मागे हॅझार्डचं बटण, घड्याळ, एसीचे कपलर असतात. एकेक खटका दाबून सोडा. मागून फोटो घ्या.

युनिट बहुधा चार स्क्रूंवर किंवा १० मिमीच्या बोल्टांवर असतं. दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटसकट ते बाहेर येतं.

सावधान: पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगचा दिवा याच पॅनलमध्ये असू शकतो. तो सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा फॉल्ट नोंदला जातो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. चाचणीसाठी वीज देण्याआधी हे सगळे कपलर परत लावा, पॅनल लोंबकळत राहिलं तरी चालेल.

इथेच जुन्या मालकाने लावलेल्या गोष्टीही सापडतात. टोलचं ईटीसी यंत्र, टीव्हीच्या काचेवरच्या अँटेनांचे बूस्टर, आणि मूळ वायरीला चावा घेतल्यासारखे बसवलेले टॅप. ईटीसी जपानबाहेर कामाचं नाही, किल्ली फिरवली की जपानीत बोलतं तेवढंच. ते काढा, पण टॅप नुसता ओढू नका. खालची वायर अर्धी कापलेली असते. टॅप उघडा, वायरीच्या जखमेवर टेप लावा, फार कापली असेल तर तेवढा तुकडा बदला.

## ६. वायरी ओळखा

सर्वांत जास्त युनिटं इथेच जळतात, आणि कारण रंग. बाहेरच्या युनिटांचे रंग साधारण ठरलेले आहेत: पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल ॲक्सेसरीची (किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी), काळी अर्थची, नारिंगी दिव्यांची, निळी अँटेनाची. स्पीकरच्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या, ज्यातली काळ्या रेघेची ती निगेटिव्ह. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा.

आता टोयोटाचे नेहमीचे रंग बघा. कायम वीज निळ्या-पिवळ्या वायरीत, ॲक्सेसरी करड्या, अर्थ तपकिरी आणि दिवे हिरव्या वायरीत. पिवळी, लाल, काळी आणि पांढरी या मागच्या स्पीकरच्या वायरी! रंगाला रंग जोडणाऱ्याचं काय होतं? पिवळी, लाल, काळी जुळवली तरी युनिटला वीजच मिळत नाही. करडीला करडी जोडली की किल्ली फिरवताच पुढच्या उजव्या स्पीकरच्या आउटपुटमध्ये १२ व्होल्ट घुसतात. हिरवीला हिरवी जोडली असेल तर दिवे लावल्यावर मागच्या डाव्याची तीच गत. आतला ॲम्प्लिफायरचा चिप गेला की युनिट चालू होतं, पण मुकं.

म्हणून हार्नेस वापरा, गाडीची मूळ वायर कापू नका, आणि हार्नेस असलं तरी मीटरने खात्री करा. त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागेल. मीटरचं काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा आणि असं बघा:

| वायर | किल्ली बंद | ॲक्सेसरीवर | पार्किंगचे दिवे लावल्यावर |
|---|---|---|---|
| कायम वीज | सुमारे १२ | सुमारे १२ | सुमारे १२ |
| ॲक्सेसरी | ० | सुमारे १२ | तेच |
| दिवे | ० | ० | सुमारे १२ |

मग बॅटरी पुन्हा सोडून मीटर ओहमवर ठेवा. अर्थची वायर आणि बॉडी यांत जवळपास शून्य ओहम दिसावा. स्पीकरच्या एका जोडीत ४ ओहमच्या स्पीकरला ३ ते ४ ओहम दिसतील. स्पीकरची कोणतीही वायर आणि बॉडी यांच्यामध्ये काहीच दिसता कामा नये. काही ओहम दिसले तर वायर कुठेतरी दारात चेंगरली आहे, ती आधी शोधा. जोडीत शेकडो किंवा हजारो ओहम दिसले तर मध्ये कंपनीचा ॲम्प्लिफायर आहे आणि टप्पा २ मधली तपासणी चुकली.

सावधान: स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून अर्थला जोडू नका. आजच्या युनिटांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, त्यातली एकही अर्थ नसते.

कोणता स्पीकर कोणता हे कळत नसेल तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. टकटक कुठून येते ते ऐका. सेलचं पॉझिटिव्ह टोक बरोबर वायरीला लागलं असेल तर कोन बाहेर सरकतो. ट्विटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) मात्र सेल टेकवू नका.

जोड नेहमी हार्नेसच्या तुकड्यांवर करा: क्रिंप, वर हीट श्रिंक, आणि जोड एकाखाली एक न येता मागे-पुढे. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला जोड उन्हाळ्यात सुटतो, तेही पॅनल बंद झाल्यावर. न वापरलेल्या प्रत्येक वायरीचं टोक वेगळं झाका.

## ७. कॅमेरा, बटणं, वेगाची वायर

सगळे रिव्हर्स कॅमेरे १२ व्होल्टचे नसतात. टोयोटाच्या मूळ कॅमेऱ्यांना बरेचदा ६ व्होल्ट लागतात. जुन्या युनिटने ते पुरवलेले असतात. नव्या युनिटच्या रिव्हर्स वायरीतून थेट १२ दिले की कॅमेरा जातो. जुनं युनिट तात्पुरतं परत जोडून, रिव्हर्स टाकून, कॅमेऱ्याच्या वीजवायरीत किती व्होल्ट येतात ते मोजा, किंवा दाब कमी करणारं ॲडॉप्टर घ्या. चित्र कृष्णधवल किंवा सरकतं दिसलं तर युनिटमधला व्हिडिओ प्रकार एनटीएससीवर (जपानमध्ये वापरला जाणारा प्रकार) आणा.

स्टिअरिंगच्या बटणांना बहुधा दोन सिग्नल वायरी आणि एक अर्थ असते. प्रत्येक बटण दाबल्यावर अर्थशी वेगळा रोध दिसतो, शून्यापासून काही हजार ओहमपर्यंत. तो दिसला तर युनिटच्या की-१ आणि की-२ वायरींना जोडून सेटिंगमध्ये बटणं शिकवता येतात. काहीच बदल दिसला नाही तर बटणं डेटा लाइनवर आहेत आणि डीकोडरची डबी लागेल. त्या दोन वायरींना १२ व्होल्ट चुकूनही लागू देऊ नका.

वेगाची वायर फक्त गरज असेल तर. जीपीएसवर चालणाऱ्या युनिटला ती लागत नाही. चुकीच्या ठिकाणी जोडली तर स्पीडोमीटरही वेडावतो.

## ८. अँटेना

जपानी गाडीचा अँटेना प्लग जासो मापाचा (जपानी वाहनांच्या मानकाचा) असतो. बाहेरच्या युनिटमधलं सॉकेट दुसऱ्या मापाचं असेल तर प्लग जातो पण हलतो, किंवा आत पूर्ण बसत नाही. रेडिओ लागतो, खड्ड्यात खरखरतो. ॲडॉप्टर लावा.

दुसरी चूक फार सामान्य. काचेतल्या किंवा छतावरच्या छोट्या अँटेनाला स्वतःचा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. युनिटची निळी वायर तिथे जोडली नाही तर गाडी टॉवरखाली उभी असली तरच रेडिओ लागतो. लोक युनिटला दोष देऊन ते परतही करतात.

## ९. बसवण्याआधी चालवून बघा

युनिट मांडीवर किंवा टॉवेलवर ठेवून सगळे कपलर लावा आणि बॅटरी जोडा. मग क्रमाने:

1. किल्ली बंद: युनिट बंद असावं.
2. ॲक्सेसरी: चालू व्हावं.
3. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) चारही कोपऱ्यांत नेऊन त्या त्या बाजूचाच स्पीकर वाजतो का?
4. मधोमध ठेवल्यावर जाड आवाज पोकळ वाटतो? एका स्पीकरची जोडी उलटी आहे.
5. रेडिओची तीन स्टेशनं, त्यातलं एक १०४ च्या वरचं.
6. दिवे लावल्यावर पडदा मंद होतो का?
7. रिव्हर्स, बटणं, माइक.
8. किल्ली बंद करून पुन्हा चालू: स्टेशनं आणि घड्याळ टिकलं का? पुसलं गेलं तर पिवळी आणि लाल उलट झाल्या आहेत.

सावधान: फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, तोही दोष सापडल्यावर. १० च्या जागी २० लावणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं.

## १०. जागेवर बसवा

जुन्या युनिटचे ब्रॅकेट नव्याला लावा. काही युनिटांच्या बाजूला टी आणि एन अशा खुणा असतात, टोयोटा आणि निसानच्या भोकांसाठी. युनिटसोबत आलेलेच स्क्रू वापरा, बहुधा ५ मिमी जाडीचे आणि ८ मिमी लांबीचे. लांब स्क्रू आत शिरून सर्किट बोर्डाला टेकतो. चारही स्क्रू आधी सैल लावा, पॅनल धरून कडा जुळवा, मग आवळा.

वायरींचा गठ्ठा युनिटच्या पाठीमागे कोंबू नका. तिथे जागा नसते आणि युनिटही तापतं. ग्लव्ह बॉक्सच्या बाजूला किंवा खाली पोकळी शोधा, गठ्ठ्याला फोम गुंडाळा आणि तिथे बांधा. युनिट आत जात नसेल तर ढकलू नका, वायर आडवी आली आहे.

माइकची वायर काचेशेजारच्या खांबातून न्यायची असेल तर तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे का ते बघा. वायर तिच्या मागून न्या, तिच्यावरून नाही, आणि एअरबॅगला केबल टायने बांधू नका.

## ११. नंतर येणाऱ्या तक्रारी

इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी शिट्टी. अर्थ कच्चा आहे. स्वतंत्र अर्थ वायर रंग खरवडलेल्या धातूवर बोल्टने घ्या.

एफएमवर नवी खरखर. डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर काढून बघा. थांबली तर त्यांची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या.

जीपीएस हरवतं. जीपीएसचा चौकोन धातूखाली आहे किंवा उलटा बसला आहे.

एक-दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. काम संपल्यावर हे मोजून घ्याच. बॉनेट उघडं, दारं आणि डिकी बंद, स्मार्ट की गाडीपासून दूर. निगेटिव्ह तार सोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरी आणि तार यांच्या मध्ये लावा. मीटर जोडलेलं असताना दार उघडू नका, किल्लीही फिरवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. गाडीचे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात म्हणून अर्धा तास थांबा, मग आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर नव्या युनिटचा फ्यूज काढा. आकडा लगेच खाली आला तर लाल वायर कायम विजेवर गेली आहे किंवा डीकोडरची डबी झोपत नाही. खाली आला नाही तर दोष दुसरीकडे आहे, आणि तो बहुधा जुन्या मालकाच्या एखाद्या टॅपपाशीच सापडतो.